फूलचंदशेटच्या जीपचे पाटे

जऊळक्याचे फूलचंदशेट रोज सकाळी देवदर्शन करून आले, की दुकानातली धान्य मापायची जुनी लोखंडी पायली उचलत आणि जीपखाली शिरत. पांढरंशुभ्र धोतर, डोक्यावर काळी टोपी आणि भर रस्त्यात पालथे पडलेले शेट, हे दृश्य मी तीन वर्षं पाहिलं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक्सलवर जो मोठा लोखंडी गोळा असतो, त्याच्याखालून पायली उभी सरकवायची. ती न अडता पलीकडे गेली तर जीप पास. ती कधीच गेली नाही. मग शेट उठत, धोतर झटकत आणि मला सांगत, "मास्तर, दोन बोटं कमी पडून राह्यले."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी शाळा जऊळक्यापासून पाच मैलांवर, नाल्याच्या पलीकडे. बिऱ्हाड मात्र जऊळक्यात, शेटच्या शेजारच्या खोलीत. शेटचा धंदा तूर, मूग आणि ढेपेचा, म्हणजे गुरांच्या पेंडीचा. मिलिटरीच्या लिलावातली एक जीप त्यांनी कुठूनशी मिळवली होती आणि ती रोज जुंपलेली असे. कधी डांबरी रस्त्यानं वाशीमचा बाजार, कधी स्टेशनावर पार्सल, आणि दुपारी न चुकता नाल्यापलीकडची खेडी. जाता-येता ते मला घेत. मी फुकट जातो याचं मला ओशाळं वाटायचं, पण ते फार दिवस टिकलं नाही. का, ते पुढे सांगतो.

शेटचं घर जैन आणि कडक. दिवस मावळायच्या आत जेवण. सूर्य बुडाला की चूलही बंद आणि तोंडही बंद, पाणीसुद्धा नाही. तिकडे आमची काळी माती. एक सर पडली की ती चाकाला अशी बिलगते, की चाक आहे की ढेप तेच कळत नाही. गाडीवाटेच्या मधला उंचवटा त्या गोळ्याला लागला, की जीप पोटावर बसे आणि चाकं नुसती फिरत. बैल येईपर्यंत तास-दीड तास जाई आणि सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. शेट घड्याळ पाहत, आभाळ पाहत, चाकाला लाथ मारत. गावात सगळे म्हणत, "शेटले पोटाची लय घाई." मीही म्हणायचो. भुकेला माणूस चिडका होतो, यात नवल ते काय.

तर या जीपला उंच करायचं, हा शेटचा ध्यास होता. कसं करायचं याबद्दल ते कोणाचंही मत घेत. दुकानात ढेप घ्यायला आलेल्या माणसाला आधी विचारत, "पाटा टाकू का ठोकळा?" आणि मग वजन करत. पाटा म्हणजे जीपच्या कमानीतली, म्हणजे स्प्रिंगमधली, लोखंडी पट्टी. कमानीत एक-दोन पाटे वाढवले की गाडी उचलली जाते. कमान आणि एक्सल यांच्यामध्ये लाकडी ठोकळा बसवला तरी उचलली जाते. तिसरा मार्ग म्हणजे मोठे टायर. शेटनी तिन्हींचा असा काही खल केला, की मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या बापानं त्यांच्याकडून शिकावं.

वाशीमच्या गफूरमिस्त्रीनं पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगितलं होतं. "सेठ, पाटे कितीबी टाका, गाडीचं आंग वर जाईन. गोळा एक्सलवर हाय, थो जाग्यावरच राहीन. गोळा उचलाचा असंन तं टायर मोठे पाह्यजे."

शेटनी ते ऐकून घेतलं आणि पाटे टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायली घेऊन ते खाली शिरले. जीप हातभर उंच दिसत होती आणि पायली बरोब्बर पूर्वीइतकीच अडली. शेट बाहेर आले, पायली हातात घेऊन बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"मास्तर, हे पायलीच मोठी असंन."

फूलचंदशेटची पायली मोठी आहे असं म्हणणारा माणूस त्या गावात तेव्हा पहिल्यांदा निघाला.

मग सुताराकडून सागवानी ठोकळे आले. मग आणखी एक पाटा. जीप इतकी वर गेली, की शेटना जमिनीवरून चढता येईना. दुकानाच्या ओट्याला ती चिकटून उभी करायची आणि ओट्यावरून सरळ आत पाऊल टाकायचं. परगावी उतरायची वेळ आली की शेट आधी ओटा शोधत. ओळखीचा माणूस आणि चांगला ओटा जिथे असेल तिथेच त्यांचा सौदा होई. वळणावर जीप अशी कलत असे, की मी आपोआप उलट्या बाजूला झुकायचो. रविवारी घरी बसल्या बसल्यासुद्धा झुकायचो.

शिवाय वाढवलेल्या पाट्यांनी गाडी दगडासारखी कडक झाली. डांबरी रस्त्यावर साधा खड्डा आला तरी माझी टोपी छताच्या ताडपत्रीला लागे. त्यावर शेटचा उपाय तयार. "मागं वजन पाह्यजे. पाटा दबला की नरम पडते." मग ढेपेची दोन पोती मागे पडली आणि त्या पोत्यांवर मी. आता कळलं ना, मला ओशाळं वाटायचं का थांबलं ते? त्या जीपमध्ये मी पाहुणा नव्हतो, वजन होतो. आणि पोती टाकली की पाटे दबत, पाटे दबले की वाढवलेली उंची जाई. उंचीसाठी पाटे, पाट्यांसाठी पोती आणि पोत्यांमुळे उंची गेली म्हणून पुन्हा पाटे. मी हे एकदा शेटना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हनूनच तं सांगून राह्यलो, दोन बोटं कमी पडतात."

भाद्रपदातली एक संध्याकाळ. मूग निघाले होते, शेटची खरेदी जोरात होती आणि परत येताना नाल्याच्या अलीकडे जीप पोटावर बसली. सूर्य चांगला वर होता. माझ्या पिशवीत फुटाणे होते. मी पुढे केले आणि म्हणालो, "शेट, अजून दिवस आहे. खाऊन घ्या, पोटाला आधार."

"तुमी खा, मास्तर."

"अहो, उपाशी राहाल."

"मी राह्यलो तं काय होते?" ते म्हणाले आणि धोतर खोचून चिखलात उतरले. हातानं चाकापुढची माती उपसू लागले. मी फुटाणे खात पोत्यावर बसून राहिलो. मला वाटलं, रुसले असतील.

बैल आले, जीप निघाली, पण जऊळक्यात शिरलो तेव्हा दिवस बुडून गेला होता. शेटच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. आत सुंदरकाकी, म्हणजे शेटच्या पत्नी, भिंतीला टेकवून बसवलेल्या, घामानं भिजलेल्या, नजर कुठेच नाही. शेजारची बाई त्यांच्या तोंडात गुळाचं पाणी घालत होती आणि दवाखान्यातला कंपाउंडर हात धरून बसला होता. त्यानंच मला सांगितलं. काकींना साखरेचा आजार. तीन-चार वर्षांपासून गोळी. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची आणि घेतली की जेवायलाच पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते. काकी गोळी वेळेवर घेत, पण शेटचं ताट वाढल्याशिवाय स्वतः जेवत नसत. शेट यायच्या आत दिवस मावळला, की दोन्ही ताटं तशीच उचलली जात.

थोड्या वेळानं काकींची नजर स्थिर झाली. कंपाउंडर रागावला, म्हणाला, काकी, जेवून का घेत नाही?

"त्याईच्या आधी मले घास उतरत नाई," काकी म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तसंच हाय. आता कसं बदलू?"

शेट दारातच उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल. "रोज सांगतो इले, जेवून घेत जाय. आइकत नाई," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. आणि मग अगदी हळू, "मलेच गाडी उंच करता आली नाई."

तीन वर्षं मी त्या माणसाला हसलो होतो. त्या रात्री मला माझी लाज वाटली.

चार दिवसांनी शेट वाशीमला गेले आणि गफूरमिस्त्रीला म्हणाले, "सारे काढ." वाढवलेले पाटे निघाले, ठोकळे निघाले. मिस्त्रीनं विचारलं, "सेठ, आता मोठे टायर टाकू का?" शेट म्हणाले, नको. आदल्या दिवशी त्यांनी ओट्यापाशी विटा रचून काकींना पाय उचलायला लावलं होतं. दोन विटांवर पाय सहज जाई. तीन विटांना काकी शेटचा खांदा धरत. गुडघे कामातून गेलेले. शेटनी दोन विटांचं माप सुतळीवर घेतलं होतं. त्या मापानं मिस्त्रीकडून जीपच्या डाव्या बाजूला एक लोखंडी पायरी जोडून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून काकी पुढे बसू लागल्या. मांडीवर डबा, पायाशी घरचं गाळलेलं पाणी. मी मागे, आता पोत्यांशिवाय. गावात कुजबुज झाली, की म्हातारपणी शेट बायकोला फिरवून राह्यले. शेटनी ती ऐकली आणि तुरीचा भाव सांगितला.

खरं तर इतकी साधी गोष्ट होती. काकी शेटच्या आधी जेवत नसतील, तर काकींनी आणि ताटानंच शेटबरोबर निघावं. पण त्यासाठी जीप खाली यायला हवी होती, आणि शेट तीन वर्षं ती वर नेत होते.

आठवड्याभरातच जीप पुन्हा नाल्यापाशी पोटावर बसली. नुसती बसली नाही, रुतली. मी सवयीनं शेटच्या लाथेची वाट पाहिली. शेटनी इंजिन बंद केलं. काकींनी घड्याळ पाहून गोळी घेतली आणि अर्ध्या तासानं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, लिंबाचं लोणचं. एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. शेटनी आपल्या भाकरीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि मग हात थांबवून काकींकडे बघत राहिले. काकी सावकाश जेवत होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या शेतातला एक गडी बैलजोडी घेऊन आला. शेट अडकले की बैल आणायचे, हे त्याला पाठच होतं. तो साखळी सोडत म्हणाला, "शेटजी, लावू काय बैल? दिवस बुडून राह्यला. मंग तुमी बोंबलसान."

शेटनी मान वळवली नाही.

"उभा राह्य जराकसा," ते म्हणाले. "तिचं जेवन होऊन राह्यलं."