सुकदेवनानांचं बिनहुंड्याचं स्थळ

सुकदेवनाना मिक्सर घ्यायला गेले तरी दुकानदाराला आधी मिक्सरचं गाव, कूळ आणि स्वभाव विचारतात. दुकानदार गॅरंटीबद्दल बोलू लागला की नाना हात वर करून त्याला थांबवतात. "गॅरंटी राहू द्या. तापट शे का, ते सांगा."

नाना मूळचे दोंडाईच्याचे, त्यामुळे बोलण्यात अहिराणी, 'आहे'चं 'शे'. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आता जळगावात आमच्या कॉलनीत राहतात. पगार खात्याचा घेतला, पण आयुष्यभर काम केलं सोयरिकी जुळवण्याचं. धुळ्यापासून चाळीसगावपर्यंत कितीतरी मांडवांत ते मध्यस्थ म्हणून पहिल्या पंगतीला बसले आहेत. हल्ली पोरं मोबाइलवर आपापलं जमवतात, त्यामुळे नाना मोकळे होते. अशा माणसाला आमच्या कॉम्प्युटर मंडळात घ्यायची कल्पना माझी. मला वाटलं, खुर्च्या मांडायला उपयोगी पडतील.

मंडळाने एक शिबिर ठरवलं होतं. लोकांनी आपले रडतखडत चालणारे जुने लॅपटॉप आणायचे आणि आम्ही त्यांवर फुकटातली लिनक्स सिस्टीम टाकून द्यायची. आता लिनक्स म्हणजे काही एकच सिस्टीम नव्हे. तिचा गोतावळा एवढा मोठा की नावं ऐकूनच माणूस जुनं मशीन भंगारात देईल. त्यातलं काय द्यायचं ते बैठकीत ठरायचं होतं. मी उत्साहाच्या भरात बैठकीआधीच व्हॉट्सअॅपवर जाहिरात टाकून मोकळा झालो: 'सात सिस्टीम! निवड तुमची!' सातांतल्या बऱ्याचशा मी स्वतः डोळ्यांनी पाहिल्याही नव्हत्या.

नाना जाहिरात वाचूनच घरी आले. "भाऊ, एका पोरीसमोर सात नवरदेव उभे करता? पोर मांडवातून पळी जाई!"

"नाना, लोकांना निवडीचं स्वातंत्र्य नको का?"

"स्वातंत्र्य शे. पण चौकशी कोन करी?"

चौकशी नानांनीच केली. एकेक सिस्टीम स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून, आठवडाभर घरात नांदवून. "जो आपल्या घरमा राहिला नाही, तो दुसऱ्याच्या घरी द्यायचा नाही," हा नियम. संध्याकाळी कट्ट्यावर मला अहवाल मिळायचा. पहिली दिसायला देखणी, पण चार जीबी मेमरीशिवाय जागची हलेना. नाना म्हणाले, "हुंडा मांगस! फुली." दुसरी प्रिंटरला ओळखच दाखवेना. "शेजाऱ्यापाजाऱ्याशी बोलत नाही. एकलकोंडा शे." तिसरीची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. "सारख्या नोकऱ्या बदलनारा पोऱ्या." चौथीने ऐन कामात काळा पडदा टाकून इंग्रजीत काहीतरी सुनावलं. नानांना अर्थ कळला नाही, पण सूर आवडला नाही.

अशा फुल्या पडता पडता एक उरली. करड्या रंगाची, दिसायला सुमार. खानदान मात्र जुनं, जुन्या मशीनवर कुरकुर नाही आणि मराठी टायपिंग पहिल्याच दिवशी. नानांनी निकाल दिला, "हाऊ पोऱ्या चांगला शे." मी मान डोलावली आणि सातही पेन ड्राइव्ह भरून शिबिराला नेले. जाहिरात माझी होती ना!

वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिल्या आल्या असोद्याच्या शमीमआपा. त्या तिथे शिवणक्लास चालवतात. लॅपटॉप टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भैया, क्लासचे सगळे नमुने ह्यात आहेत. हा बसला तर माझा क्लास बसला."

मी सातही सिस्टीमचे गुण सांगायला घेतले. पाचवीपर्यंत पोचलो तेव्हा आपांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरी ह्यातली कोणती आहे?"

मी टेबलावरचे पेन ड्राइव्ह उगाच पुन्हा एका रांगेत लावले.

"माझ्याकडे... अजून... विकतचीच आहे."

लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? नाना उठले. "आपा, माझ्या घरी ही करडी शे. आणि आता ह्या भाऊच्या घरी जाणार. आना भाऊ तुमचं मशीन, आधी तुमचं लगीन!"

सगळ्यांदेखत माझ्या लॅपटॉपला हळद लागली. ते पाहून आपांनी होकार दिला. त्यांचे नमुने आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मग करडी सिस्टीम टाकली. बाकीच्यांनी निवडीच्या स्वातंत्र्याचं नावही काढलं नाही. नाना प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जात आणि म्हणत, "काही कुरबूर झाली तर रविवारी सकाळी माझ्याकडे या. मध्यस्थाचं खरं काम लग्नानंतरच सुरू होतं."

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी सहज नानांकडे डोकावलो. ओसरीत खुर्च्या गोल मांडलेल्या. मधल्या टेबलावर वायरींचा बोर्ड, ताटलीखाली झाकलेली शेव, थर्मासमध्ये चहा. नाना इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाकडे तोंड करून बसलेले. नानी गेल्यापासून त्या घरात मी इतक्या खुर्च्या पाहिल्या नव्हत्या.

"कोणी आलं नाही?"

"आपांचा फोन आला होता. झकास चाललंय म्हणाल्या. बाकीच्यांना मीच फोन लावले." नानांनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं. "बठ्ठा सुखमा शे, एकाचीबी कुरबूर नाही."

मी चहा घेतला. नाना माझ्या पिशवीकडे पाहत होते.

"तुमचं काय बिघडनं?"

"काही नाही, नाना. छान चाललंय."

"वाय-फाय तुटत असेल?"

"नाही."

"बॅटरी?"

"टिकते."

नाना पुन्हा फाटकाकडे पाहू लागले. मी कप खाली ठेवला. "आवाज जरा कमी येतो."

"आना इकडं!" नाना खुर्ची सरसावून बसले.

त्यांनी एक गाणं लावलं. ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळून ते शेवटपर्यंत ऐकत राहिलो. मग नानांनी गंभीर चेहरा केला, आवाज बंद केला आणि चष्मा पुसत म्हणाले, "वेळ लागेल, भाऊ. जेवूनच जा."