फोटोत न्हाय

ज्यांनी हा नियम काढला त्यांच्या घरात म्हातारं माणूस नसावं. असलंच तर त्याला ते उंबऱ्याबाहेर पडू देत नसावेत. काहीही असो, अपराध त्यांचाच आहे आणि तो त्यांच्या तोंडावर सांगायला हवा. गावाचं नाव सांगत नाही. निपाणीहून संकेश्वरला जाताना लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तेही फोटोत आहे का, म्हणून तपासायला येतील.

चार वर्षांमागं एक गोरा साहेब दौऱ्यावर आला होता. जुन्या पेठेतली ओळीनं बसलेली घरं, दगडी पायऱ्या, लाकडी खांब बघून तो खूश झाला. तिपाईवर कॅमेरा ठेवून, डोक्यावर काळं फडकं घेऊन त्यानं फोटो काढला. "हे असंच राहिलं पाहिजे," म्हणाला आणि मोटारीत बसला. पेठेच्या चढावर मोटारीचं पोट घासलं, तेव्हा दुसरंही काहीतरी म्हणाला, पण ते कुणी लिहून घेतलं नाही. पुढं त्याची बदली झाली. तो हे गाव केव्हाच विसरला असेल. कारभारी मात्र विसरले नाहीत. पुढच्याच बैठकीत ठराव झाला, की पेठेतल्या घरांची दर्शनी बाजू फोटोत आहे तशीच राहावी आणि बदल करायचा तर 'दर्शनी कमिटी'ची परवानगी घ्यावी. फोटोला चौकट बसली आणि तो कचेरीत गणपतीच्या शेजारी टांगला गेला. कमिटीवाले आधी कुणाला नमस्कार करायचे, ते विचारू नका.

त्या फोटोतलं तिसरं घर तवनाप्पाचं. तवनाप्पा तंबाखूचा व्यापारी. सरळ माणूस, पण भित्रा. वखारीचा परवाना दरसाल त्याच कचेरीतून घ्यायचा, म्हणून जास्तच भित्रा. त्याचे वडील पायगोंडाआप्पा ऐंशीला टेकलेले. बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही, असा त्यांचा साठ वर्षांचा नेम. बस्ती गल्लीच्या टोकाला, शंभर पावलांवर. आप्पांना शंभर पावलांची अडचण नव्हती. पहिल्या पावलाची होती. घराला दोनच पायऱ्या, आणि खालच्या पायरीवरून रस्त्यावर पाय टाकायला त्यांचा गुडघा तयार होईना. मागच्या दारानं जावं तर तिथं विहीर.

"तवन्या," आप्पा म्हणायचे, "जमीन खाली गेलीया रं."

"जमीन न्हाय आप्पा, तुमचं वय वर गेलंय."

"वय वर गेलं तर माणूस उंच हुतंय व्हय?"

शेवटी तवनाप्पानं तिसऱ्या पायरीसाठी अर्ज केला. महिन्यानं अर्ज परत आला: नकाशा जोडा. नकाशा काढणारा माणूस बेळगावात. नकाशा जोडला तर तीन प्रती हव्या होत्या. तीन प्रती दिल्या तर एका प्रतीवर सही डावीकडं झालेली. असे पाच महिने गेले. अर्ज एवढ्या वेळा कचेरीच्या पायऱ्या चढला-उतरला, पण अर्जाला गुडघा नसतो.

मधल्या काळात तवनाप्पानं एक सोय केली. रोज सकाळी वखारीतला तंबाखूचा एक बोद आणून पायरीखाली ठेवायचा. आप्पा त्या घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यावर पाय देऊन उतरायचे, दर्शन घ्यायचे, बोदावरूनच वर चढायचे. मग बोद आत. कुणाचं काही वाकडं होत नव्हतं. म्हणूनच की काय, एके दिवशी कमिटीचे पाहणी-कारकून मारुतीराव फोटोची चौकट काखेत मारून दारात हजर झाले.

"ह्ये काय?"

"बोद हाय," तवनाप्पा म्हणाला.

"बोद हाय ते मला बी दिसतंय. फोटोत न्हाय."

"आप्पा आलं की लगीच आत घेतो की."

"तवर पेठेची शोभा बिघडती त्येचं काय?" मारुतीरावांनी मान वर केली. "आन् ही खिडकीची फळी? फोटोत लोंबतीया."

"मोडलीती. बसवून घेतली."

"कुणाला इचारून बसवलीस? दार बी हिरवं दिसतंय. फोटोत काळं हाय."

तवनाप्पाची बायको तारामती आतून सगळं ऐकत होती. तिला राहवेना. उंबऱ्यात येऊन म्हणाली, "फोटोत सगळंच काळं दिसतंय, मारुतीराव. समदी पेठ डांबरात बुडवताय काय? आन् फोटोत आमच्या दारात भावकूची म्हस बी हाय. ती गेली मरून. तिनं कुणाची परवानगी घेतलीती?"

चूक झाली ती इथं. मारुतीरावांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. म्हैस होती. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि लिहून घेतलं.

दोन दिवसांनी नोटीस आली. बोद काढावा, फळी पूर्ववत लोंबवावी, दाराच्या रंगाचा खुलासा करावा आणि म्हशीची व्यवस्था करावी. न केल्यास वखारीच्या परवान्याचा फेरविचार होईल. समोरच्या कट्ट्यावर एक शिपाईही आणून बसवला. तो दिवसभर विड्या ओढत पायरीवर नजर ठेवून असायचा. बोद काय, साधं स्टूल बाहेर आलं तरी उठून उभा राहायचा.

तवनाप्पानं फळीचे खिळे काढले. भावकूला सांगून त्याची दुसरी म्हैस दारात आणून बांधली. म्हैस आली म्हणजे तिच्या मागचं सगळं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना दोन्ही हातांनी धरून उतरवताना तवनाप्पाचा पाय शेणावरून घसरला आणि बापलेक पायरीवरच बसले. हाडं शाबूत राहिली, पण आप्पांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला.

"आप्पा, खांद्यावर घेऊन जातो की तुमास्नी."

"खांद्यावरनं जायाचं ते एकदाच. घाई करू नगं."

"मग हितनंच हात जोडा. शिखर दिसतंय न्हवं?"

"लांबनं बघून भागत असतं तर साहेबानं फोटो कशाला काढला असता? त्यो बी लांबनंच बघून गेला असता."

आप्पा खालच्या पायरीपर्यंत यायचे, शिखराकडं बघत बसायचे, उन्हं चढली की आत जायचे. दर्शन नाही म्हणून जेवण नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पाण्याचा तांब्याही उचलेना. ते तारामतीनं पाहिलं. तिनं नवऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"म्हातारा उपाशी मरतोय आन् तुमी परवाना सांभाळताय. जावा कचेरीत. आज त्येंचं माणूस हितं आल्याबिगार घरात चूल पेटायची न्हाय."

तवनाप्पा गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो कचेरीत ओरडला म्हणे. काय ओरडला ते त्याचं त्यालाही आठवत नाही. पण दिवस कलल्यावर खुद्द कमिटीचे चेअरमन, मारुतीराव आणि मापं घ्यायला मष्णू गवंडी असे तिघं दारात येऊन उभे राहिले. बघता बघता निम्मी पेठ गोळा झाली.

मारुतीरावांनी आधीच शक्कल काढून ठेवली होती. "साहेब, लई सोपं हाय. फोटोत आप्पा खालच्या पायरीवर बसल्यात, ह्ये बघा. आज बी त्यास्नी तिथंच तसंच बसवू. बसणं जुळलं की पायरी जुन्या मापाची ठरली. म्हंजे अडचण घराची न्हाय, म्हाताऱ्याच्या गुडघ्याची. गुडघा आपल्या कमिटीत येत न्हाय."

चेअरमनना ते फार पटलं. अर्ज कायमचा मिटणार होता. आप्पांना हाक मारली. ते भिंत धरत आले, खालच्या पायरीवर बसले आणि सांगितल्याप्रमाणं दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ताठ झाले. मारुतीरावांनी फोटो समोर धरला.

फोटोत आप्पांचे दोन्ही तळवे रस्त्यावर सपाट टेकले होते. आता ते जमिनीपासून वीतभर वर, झोपाळ्यावरच्या पोराच्या पायांसारखे लोंबत होते.

मारुतीराव एकदा फोटोकडं, एकदा पायांकडं बघू लागले. म्हशीनं तेवढी शेपटी हलवली.

"आप्पा, जरा म्होरं सरका," मारुतीराव हळूच म्हणाले.

"आनखी सरकलो तर पडतोय की."

चेअरमन खाकरले. "म्हातारपणी पाय आखडतात माणसाचे."

"पाय कशानं आखडत्यात?" मष्णू गवंडी टेप गुंडाळत म्हणाला. "साहेबाच्या मोटारीचं पोट घासलं तवापास्नं तुमीच तर दरसाल ह्यो चढ खरवडायला लावताय. मुरूम निघतोय, रस्ता खाली जातोय. टिकाव माझाच हाय की."

"रस्ता घराच्या दर्शनी बाजूत येत नाही," चेअरमन म्हणाले.

"म्हस येती," तारामती म्हणाली, "आन् रस्ता येत न्हाय व्हय?"

लोक हसले. मारुतीरावांनी घाईघाईनं फोटो फडक्यात गुंडाळला. "ह्ये बैठकीत ठेवावं लागंल. म्होरल्या म्हैन्यात..."

तेवढ्यात तवनाप्पा आत गेला. बाहेर आला तो खांद्यावर बोद घेऊन. चेअरमनच्या देखत, शिपायाच्या देखत त्यानं तो पायरीखाली आपटला. तंबाखूची धूळ उडाली आणि चेअरमनना शिंका आल्या. शिपाई उठला, इकडंतिकडं बघितलं आणि परत बसला.

"उतरा आप्पा," तवनाप्पा म्हणाला. त्यानं हात पुढं केला. "परवाना गेला तर जाऊ दे."

आप्पांनी पाय बोदावर टेकवले. पण उठले नाहीत. मावळतीकडं बघितलं, उन्हं पार बस्तीच्या शिखरावर गेली होती. दिवस बुडाल्यावर ते जेवत नसत, म्हणजे आजचा उपासही पदरात पडलाच होता.

"बस जरा, तवन्या. तीन दीस थांबलो, आता घाई कसली?" ते म्हणाले आणि चेअरमनकडं वळले. "माझं घर हाय तिथंच हाय. मी बी हाय तिथंच बसलोय. मग माझं पाय आखूड झालं, का तुमचा रस्ता खाली गेला? बैठक-बिठक ऱ्हाऊ दे. हितं, समद्यांम्होरं सांगा. बोला की!"