युकोबाईंचं पाकीट

"टीप कुणाची घ्यायची अन् कुणाची नाय, हे अख्ख्या संभाजीनगरात माझ्याएवढं कुणालाच कळत नाय!"

क्रांती चौकात चहाचे घुटके घेत धम्मपाल इतर ड्रायव्हरांना शिकवत होता. जपानी माणसाला टीप म्हणजे अपमान. पैसे पुढं आले तरी हात मागं! नऊ वर्षं टुरिस्ट गाडी चालवून मिळवलेलं ज्ञान होतं ते.

आणि त्याच दिवशी मालकांनी, म्हणजे राजेंद्रशेठनी, त्याच्या गाडीत जपानच्या युकोबाई बसवल्या. निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेली, हातात बोलका मोबाईल. बाई जपानीत बोलत आणि मोबाईल शुद्ध मराठीत! धम्मपालची गावरान बोली मात्र त्या मोबाईलच्या डोक्यावरून जाई. शेठनी बजावलं, "बाईंनी चांगला शेरा लिहिला तर नवी गाडी तुझी. नाही तर उद्यापासून शाळेच्या पोरांची ने-आण कर!"

वेरूळ झकास झालं. लेण्यातल्या बुद्धमूर्तीपुढं बाई इतका वेळ हात जोडून बसल्या की धम्मपालही गुपचूप शेजारी टेकला. बाहेर आल्यावर बाईंनी दोनशे रुपयांचं पाकीट पुढं केलं.

धम्मपाल दोन पावलं मागं. "नाय नाय! तुमच्यात चालत नाय, मला ठावं हाय!"

बाईंनी पर्समधून प्रवासाचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, भारतात ड्रायव्हरला टीप दिली नाही तर तो दुखावतो. हा तर नको म्हणतोय, म्हणजे नक्कीच कमी पडली! पाकिटात आणखी तीनशे गेले. धम्मपाल गाडीच्या पलीकडं. बाई मागोमाग. हजार! दोघांच्या गाडीभोवती चार फेऱ्या झाल्या. शहाळेवाला कोयता हातात धरून बघतच राहिला.

शेवटी बाई थांबल्या. डोळे भरले होते. मोबाईल म्हणाला, "माझ्याकडून कोणती चूक झाली?"

गेली नवी गाडी! घाबरलेल्या धम्मपालनं परतीच्या वाटेवर पडेगावात गाडी थेट आपल्या दारात नेऊन उभी केली.

"माय, पाहुणी रुसलीय गं!"

"रुसंल नाय तर काय!" भामाबाई कडाडल्या. "सकाळधरनं उपाशी फिरवली असशील!"

गरम भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. बाई नाक पुसत, हसत सगळं जेवल्या. मग भिंतीवरच्या बुद्धाला वाकून नमस्कार केला आणि तेच पाकीट भामाबाईंपुढं धरलं. भामाबाईंनी दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं.

"माय, घेऊ नगं! अपमान व्हतो त्यांचा!"

"गप रं! एवढ्या मायेनं देतीय अन् तू नाय म्हणतोस? ह्यो अपमान!"

युकोबाईंचा चेहरा उजळला. भामाबाईंचं मात्र एवढ्यावर भागलं नव्हतं. त्यांनी पेटी उघडली, हिरवा खण काढला, त्यावर एक्कावन्न रुपये ठेवले आणि बाईंच्या ओंजळीत दिले. "पहिल्यांदाच दारात आलीस बाई, रिकामी कशी जाशील?"

जपानी बाईला टीप! तीही ड्रायव्हरच्या घरून! धम्मपालनं डोळेच मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई तिसऱ्यांदा कमरेत वाकत होत्या.

मोबाईल म्हणाला, "मी चाळीस देश पाहिले. मला आजवर कुणीही टीप दिली नव्हती."

धम्मपालला आईचा मोठा अभिमान वाटला. नऊ वर्षांत जे त्याला जमलं नव्हतं, ते आईनं एका भाकरीत उरकलं होतं. पण आता परतफेड म्हणून युकोबाईंनी गळ्यातला रेशमी रुमाल भामाबाईंना घातला. भामाबाईंनी लोणच्याची बरणी दिली. बाईंनी छत्री काढली, तशी भामाबाईंची नजर पितळी तांब्याकडं वळली! धम्मपालनं घाईघाईनं गाडी सुरू केली, म्हणून संसार वाचला.

आठ दिवसांनी राजेंद्रशेठचा फोन आला. "धम्मपाल, नवी गाडी तुझी! पाच तारे दिलेत बाईंनी. अट एकच, इथून पुढं जपानी पाहुणा आला की जेवायला पडेगावला. आईंबद्दल पानभर लिहिलंय त्यांनी!"

"आन् माझ्याबद्दल, शेठ?"

शेठनी वाचून दाखवलं.

"एकच ओळ आहे. 'ड्रायव्हर प्रामाणिक आहे, पण फार पळतो.'"