आधी लागणारं शेवटी

"तुमच्या ट्रकला दारं किती?" रांगेकरांनी विचारलं.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातला कारकून चहाचा घोट घेता घेता थांबला. लोक भाडं विचारतात, ट्रक कधी येणार विचारतात, काही फुटलं तर भरून कोण देणार म्हणून भांडतात. दारं आजवर कोणी विचारली नव्हती.

"दोन. एक ड्रायव्हरचं, एक पलीकडचं."

"ती नाही हो! सामानाची."

"मागे एक असतं."

"एकच ना? नक्की? बाजूची फळीबिळी उघडत नाही ना?"

"तसा पाहिजे असेल तर तसा देतो."

"नको, नको! सगळीकडून बंद आणि मागे एकच दार. सगळी गंमत त्यातच आहे."

कारकुनानं मान डोलावली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंकडे सहानुभूतीनं पाहिलं. बाईंनी नजर पंख्याकडे वळवली. लग्न झाल्यापासून त्यांना अशा सहानुभूतीची सवय होती.

रांगेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. जन्मभर एका कारखान्यात स्टोअरकीपरी केली, नटबोल्टपासून झाडूपर्यंत एकेक वस्तू ओळीनं लावली, म्हणून कामगारांनीच ते बहाल केलं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र ओळीत लावायला काही उरलं नाही. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी एकदा लावून पाहिले, ते बायकोनं संध्याकाळच्या आत परत जागच्या जागी नेले. अशात बाईंना दूरच्या शहरात मुख्याध्यापिकेची जागा मिळाली आणि रांगेकरांच्या अंगात वारं शिरलं. अख्खं घर हलवायचं! "तू फक्त तुझ्या शाळेचं बघ, घर माझ्यावर सोड," त्यांनी जाहीर केलं.

बाईंची अट एकच होती. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार आणि त्याच दिवशी दहाला त्यांना शाळेत हजर व्हायचं होतं. सगळी शाळा नव्या बाईंची वाट बघत उभी असणार. त्यामुळे इस्त्रीचे कपडे आणि नवे बूट भरलेली लाल बॅग हाताशी हवी.

"मी मांडीवरच घेऊन बसते," त्या म्हणाल्या.

"मांडीवर कशाला? जे आधी लागणार ते शेवटी भरायचं. शेवटी भरलं की दाराशी राहतं, दाराशी राहिलं की आधी निघतं. तुझी बॅग सगळ्यात शेवटी. म्हणजे मांडीवर घेतल्यासारखंच झालं की!"

बाईंनी होकार दिला. बिचाऱ्याला एकदा तरी त्याच्या मनासारखं करू द्यावं असं त्यांना वाटलं, आणि तिथेच त्या फसल्या.

ट्रक भरताना हमालांच्या नाकी नऊ आले. कपाट आत गेलं, मग पलंग आधी जायला हवा होता म्हणून ते बाहेर आलं. पुस्तकांची खोकी दोनदा चढली आणि दोनदा उतरली. "साहेब, सामान हलवायचंय का नुसतं खेळवायचंय?" एका हमालानं विचारलंसुद्धा. शेवटी सगळं मनासारखं बसलं. दाराशी शेगडी, तिच्यावर अंथरुणाची वळकटी आणि सगळ्यांच्या पुढे लाल बॅग. रांगेकरांनी स्वतः कडी घातली. ते आणि बाई ड्रायव्हरशेजारी बसले आणि गाडी निघाली.

दुपारी भर रस्त्यात ट्रकनं मान टाकली. ड्रायव्हर खाली वाकला, उठला, हात पुसत म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. काळजी करू नका, मालक दुसरी गाडी पाठवतायत, बरोबर हमाल आहेत. तुम्ही तोवर चहा घ्या."

दोघं समोरच्या टपरीवर गेले. उन्हात डुलकी कधी लागली ते कळलंच नाही. रांगेकर दचकून जागे झाले तेव्हा दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे होते आणि अर्ध्याहून जास्त सामान या पोटातून त्या पोटात गेलं होतं.

"अरे थांबा! थांबा!" रांगेकर चहाचा ग्लास हातात घेऊनच धावले. "बॅग कुठाय? लाल बॅग?"

"ती सगळ्यात आधी ठेवली, साहेब," हमाल अभिमानानं म्हणाला. "एकदम आत. कुणी हात लावायचं नाही."

रांगेकरांच्या ग्लासातला चहा मागोमाग आलेल्या बाईंच्या कपड्यांवर सांडला. जे दाराशी होतं ते आधी निघालं, आणि जे आधी निघालं ते तळाशी गेलं. आता नव्या घरी सगळ्यात आधी निघणार पलंग, आणि बॅग निघेपर्यंत शाळा सुटलेली असणार.

"मग तेवढी बॅग काढून द्यायला सांगा ना त्यांना," बाई म्हणाल्या. "मी पुढे घेऊन बसते."

"एक वस्तू काढली की सगळा क्रम ढासळतो!" रांगेकर कळवळून म्हणाले. "सगळं बाहेर काढा. परत भरा. मी सांगतो तसं!"

ड्रायव्हरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी परत पंखा शोधला, पण तिथे नुसतं आकाश होतं.

सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडला गेला. शेजारीच बसथांबा होता. एक आजोबा कोणालाही न विचारता सोफ्यावर टेकले. एका जोडप्यानं टेबलाचे खण ओढून पाहिले.

"सेल आहे का हो?"

"नाही! घर आहे!"

"घरासकट विकताय?"

"विकत नाही, भरतोय! आजोबा, उठा, सोफ्याचा नंबर आला."

"बस आली की उठतो," आजोबा म्हणाले.

बस यायला वेळ लागला. ट्रक नीट भरून परत निघाला तेव्हा उन्हं कलली होती, पण रांगेकर तृप्त होते. लाल बॅग दाराशी होती. बाईंच्या कपड्यांवर चहाचा डाग होता आणि केसांत रस्त्याची धूळ.

सकाळी आठच्या सुमाराला गाडी नव्या शहराच्या वेशीवरच्या एका गोदामात शिरली आणि उभी राहिली.

"आलं का घर?" रांगेकरांनी विचारलं.

"घर कुठलं! शहरात ही गाडी दिवसा सोडत नाहीत. इथून पुढे आमची बुटकी गाडी. बुटकी आहे पण लांब आहे, सगळं मावतं."

रांगेकरांनी घाईघाईनं विचारलं, "तिला दारं किती?"

"एकच. मागे."

रांगेकर बोटं उघडमिट करू लागले. पहिल्यांदा सरळ होतं. मग उलटं झालं. मग आपण ते सरळ केलं. आता परत उलटं होणार. म्हणजे काल...

"काल तुम्ही टपरीवर झोपून राहिला असता ना," बाई शांतपणे म्हणाल्या, "तर आज आपोआप सरळ झालं असतं."

रांगेकर पार गोंधळले. सरळ कोणतं आणि उलटं कोणतं, काही सुधरेना. तेवढ्यात हमालानं कडी काढली आणि लाल बॅग उचलून बुटक्या गाडीकडे निघाला.

"ती आधी नको! ती शेवटी! खाली ठेव! नाही, खाली नको... थांब, मला विचार करू दे!"

बाई पुढे झाल्या. त्यांनी हमालाच्या हातातून बॅग घेतली, गोदामाच्या न्हाणीघरात शिरल्या आणि बाहेर आल्या तेव्हा मुख्याध्यापिका होऊनच आल्या. इस्त्रीचे कपडे, नवे बूट, नीट विंचरलेले केस. हमालही जरा सरळ उभे राहिले. रांगेकर बघतच राहिले. त्यांना तिचा फार अभिमान वाटला आणि स्वतःची तेवढीच लाज वाटली.

फाटकाशी टॅक्सी मिळाली. आत बसता बसता बाई वळून म्हणाल्या, "एक मात्र खरं हं. बॅग लगेच सापडली."

टॅक्सी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत रांगेकर हात हलवत राहिले.

"साहेब, आता काय कुठे ठेवायचं?" हमालानं विचारलं.

"टाका बाबा, कसंही टाका," रांगेकर म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य उच्चारलं होतं. हमालांनी ते लगेच मनावर घेतलं. सगळं भरून झाल्यावर आपल्याला टेकायला म्हणून त्यांनी एक खुर्ची वर चढवली आणि आत बसून दार ओढून घेतलं.

नवं घर छान होतं. बाहेरून तरी. दाराला भलंमोठं कुलूप होतं. रांगेकरांनी खिसे चाचपले, सदऱ्याचे, मग पँटचे, मग परत सदऱ्याचे. एवढा क्रम लावला, पण घरात शिरायला सगळ्यात आधी किल्ली लागते हे त्या क्रमात कुठेच नव्हतं. घर बघायला बाई एकट्या आल्या होत्या, तेव्हा घरमालकानं त्यांच्याच हातात किल्ली दिली होती.

"उतरवू का, साहेब? आम्हाला दुसरी खेप आहे," ड्रायव्हर म्हणाला. हमालांनी दार उघडलं आणि खुर्ची खाली दिली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले हो. वेळेत पोचले. पोरांनी टाळ्या वाजवल्या," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खुललेला होता. मग तो एकदम पडला. "अगबाई! अहो, किल्ली माझ्या पर्समध्येच राहिली. मला तर चारपर्यंत निघता येणार नाही. तुम्ही करणार काय? निदान बसायला तरी काही आहे का?"

रांगेकर खुर्ची फुटपाथवर सरळ करून तिच्यावर ऐसपैस बसले.

"आहे तर," ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात जुना स्टोअरकीपर परत आला. "सगळ्यात आधी तेच निघालं."