सात मेंढ्या आणि माझा कोस्सो

कोस्सो चोरून प्यायचा असं मी ठरवलं आणि बायकोच्या सातही मेंढ्यांचं गाभण राहणं धोक्यात आलं. वरवर पाहता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

माझ्या पोटात जंत झाला होता. साधासुधा नव्हे, पट्टीसारखा लांबलचक, रोज एकेक तुकडा पाठवून हजेरी लावणारा. आमच्या मेन्झच्या डोंगराळ मुलखात यात लाजण्यासारखं काही नाही. कच्चं मांस तिखटात बुडवून खाणाऱ्याला तो कधी ना कधी होतोच. माझी आई दर दोन महिन्यांनी घरादाराला जंत पाडायला कोस्सोच्या झाडाच्या फुलांची कडूजहर, जुलाब करणारी पूड पाण्यातून पाजायची. हल्ली आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात, पण तिथला कंपाउंडर माझ्या बायकोचा मावसभाऊ. त्याच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ.

लपवायला कारण होतं. मेंढीपालक संस्थेचा कारकून म्हणून मी मोठ्या उपासात जिल्ह्याच्या गावी प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे एका हॉटेलात पडद्यामागे कच्चं मांस मिळत होतं. (आत दहाबारा माणसं भिंतीकडे तोंड करून जेवत होती, कोणी कोणाला ओळखू नये म्हणून. मीही तसाच बसलो, म्हणजे पाप तसं अर्धंच.) माझी बायको येशिमेबेत या उपासाचे पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी यांच्याकडे बघतसुद्धा नाही. तिला हे कळणं परवडण्यासारखं नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात लेऊल आमच्याकडे आला. लेऊल म्हणजे संस्थेचा निवडक मेंढा. तो पाळीपाळीने प्रत्येक घरी सतरा दिवस राहतो. गेल्या वर्षी रोगाने येशिमेबेतच्या अकरा मेंढ्या नेल्या होत्या. उरलेल्या सातांवर तिला कळप पुन्हा उभा करायचा होता. संस्थेचे पशुतज्ज्ञ मुलुआलेम तिला बजावून गेले होते की घाबरलेली मेंढी माजावर येत नाही, आली तरी गाभण राहील याची खात्री नाही, तेव्हा अंगणात शांतता हवी. तिने कुत्रा माहेरी पाठवला, लाकडं फोडणं बंद केलं आणि मला खोकायचं असेल तर रस्त्यावर जाऊन खोकायला सांगितलं.

रविवारी ती चर्चला गेली आणि मी पेलाभर कोस्सो घशाखाली लोटला. आमच्या घराच्या आणि संडासाच्या मधोमध मेंढ्यांचा गोठा आहे. पहिल्यांदा मी पाय न वाजवता गेलो. दुसऱ्यांदा जरा घाईने. तिसऱ्यांदा माझी पांघरायची पांढरी गाबी खांद्यावरून सुटून वाऱ्यावर फडफडत होती आणि मेंढ्या एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या. नवव्या फेरीनंतर मी मोजणं सोडलं. लेऊल गव्हाणीत जाऊन बसला.

त्यातून जंताचं मुंडकं काही पडलं नाही, आणि ते आत राहिलं की जंत नव्याने वाढतो. म्हणून सोमवारी ती पाण्याला गेल्यावर पुन्हा, मंगळवारी ती बाजारात गेल्यावर पुन्हा. मंगळवारी मुंडकं पडलं. मला हलकं वाटलं.

पण तेरा दिवस झाले तरी एकही मेंढी लेऊलकडे फिरकेना. येशिमेबेत म्हणायची, कोल्हा येत असणार. काठी घेऊन ती दिवसभर गोठ्यापाशी बसू लागली. शनिवारी मेंढा पुढच्या घरी जायचा होता. अखेर मुलुआलेम आले. मेंढ्या कशाला भितात ते कळलं तर मुदत वाढवून देतो, म्हणाले. तेवढ्यात मी गाबी सावरत दारात आलो आणि सातही मेंढ्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या.

मुलुआलेमनी मेंढ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"गेझाहेन, जरा आत जा बरं," ते म्हणाले. मी गेलो. "आता या बाहेर."

मेंढ्या पुन्हा भिंतीला.

मी सरळ कानांवर हात ठेवणार होतो. पण येशिमेबेत पदराने डोळे पुसत होती, आणि ते मला बघवेना.

"कोस्सो प्यायलो होतो," मी म्हणालो. "तीन दिवस. धावावं लागलं."

"एवढंच ना," मुलुआलेम खुशीत म्हणाले. हा माणूस विद्वान आहे आणि विद्वानांना कुठे थांबावं ते कळत नाही. "म्हणजे मांस खाऊन तीन महिने तरी झाले असणार. जंत दिसायला तेवढा वेळ लागतोच."

येशिमेबेत बोटांवर मागचे महिने मोजू लागली. "गिनबोत. मियाझिया. मेगाबित." तिसऱ्या बोटावर ती थांबली. "अहो, उपासात?"

"भिंतीकडे तोंड होतं," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे मुलुआलेमना विचारलं, "यांना इथून हलवलं तर मेंढ्या फळतील?"

"फळायला हरकत नाही."

त्याच दुपारी माझी रवानगी दरीपलीकडे सासूबाईंकडे झाली. तिथे कुत्रा आधीच होता. सासूबाईंनी मला महिनाभर उपासाचं जेवण वाढलं, कुत्र्याला मात्र नाही.

सहा मेंढ्या गाभण राहिल्या. निरोप आला तेव्हा मी खरंच आनंदाने उडालो. घरी परतलो तर येशिमेबेतने गरम कालवण वाढलं आणि मेगाबितचं नावही काढलं नाही.

पण मुलुआलेमनी ती नोंद संस्थेत पोचवली होती. आता मेंढा ज्या घरी जातो त्या घरी आधी एक छापील कागद जातो. त्यावर लिहिलंय: मेंढा येण्यापूर्वी आवारातून हलवावयाच्या गोष्टी. एक, कुत्रा. दोन, कुऱ्हाड. तीन, नवरा.

संस्थेचा कारकून मीच असल्यामुळे प्रत्येक कागदाखाली सही माझी असते.