घड्याळाच्या दुकानाचा एकमेव फोटो

त्या दिवशी मी वाचनालयात फक्त वर्तमानपत्र चाळायला गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. शहराचा इतिहास वाचवावा वगैरे माझा काहीही विचार नव्हता. पण आत गेलो तर मोठ्या टेबलाभोवती दहाबारा माणसं जमलेली आणि ग्रंथपालबाई सांगत होत्या, "घरोघरी जुने फोटो पडून आहेत. ते आम्हाला स्कॅन करायला द्या. फोटोत तुमच्या मागे जी गल्ली दिसते, जे दुकान दिसतं, तोच या शहराचा इतिहास. आपण प्रदर्शन भरवणार आहोत."

तेवढ्यात एक निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "बाकी सगळं मिळेल, पण चौकातल्या त्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाचा फोटो काही मिळायचा नाही. मी वर्षभर शोधतोय."

ते दुकान माझ्या सासऱ्यांचं. आता त्या जागी गाड्या उभ्या असतात. सासरेही जाऊन सात वर्षं झाली. मास्तरांचा तो खात्रीचा सूर मला सहन झाला नाही. मी हात वर केला आणि म्हणालो, "माझ्याकडे आहे."

दोनच शब्द. (ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी एवढेही बोलत नाही. तिथे मी सुखी आहे.) बाईंनी लगेच यादीत लिहिलं, 'घड्याळाचं दुकान, एकमेव फोटो', आणि पुढे माझं नाव. शनिवारपर्यंत आणून द्यायचा. यादी वाचनालयाच्या दारावर लागली आणि ती सगळ्यात आधी कुणी वाचली असेल, तर माझ्या बायकोने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तर समोर चहा. न मागता. (एकतीस वर्षांत हे तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा तिचा भाऊ राहायला येणार होता.)

"अहो, बाबांच्या दुकानाचा फोटो आहे तुमच्याकडे?"

"आहे ना. आपला तो, लग्नानंतर चौकात काढलेला."

"तो तर तुम्ही कापलात."

मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

आता खरं काय ते सांगतो. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून. फाइलमध्ये न बसणारा कागद कडेने कापून बसवणं ही माझी ख्याती. लग्नाच्या वर्षी ऑफिसच्या संगीत खुर्चीत मला एक फोटोफ्रेम बक्षीस मिळाली. (खेळात फक्त तिघे होते.) फोटो मोठा निघाला, फ्रेम लहान. फोटोत डावीकडे दुकान आणि दारात सासरे, मग ही, हिच्या पलीकडे मी आणि उजवीकडे बसचा थांबा. मी पट्टी घेतली, पेन्सिलने रेघा मारल्या आणि दोन्ही बाजू सरळ कापून टाकल्या. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही.

ही किंचाळली, "बाबा कुठे गेले?"

"फ्रेम थोडीच कापता येते?" मी म्हणालो होतो. "आणि बाबांचं काय, ते रोज दुकानात दिसतातच की."

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पुढे बोलायला लागली आणि मी तो विषय विसरलो. ती विसरली नव्हती. बाबांचा दुकानातला दुसरा फोटोच नाही. एक आहे तो ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते रागावलेले दिसतात. त्या माणसाला रागावता येतच नसे.

"म्हणजे तुम्ही तेव्हाच दुसरी कॉपी काढून ठेवली होतीत?" चहाचा कप पुन्हा माझ्यापुढे सरकवताना तिचे डोळे भरून आले. "आणि मी इतकी वर्षं मनात धरून बसले!"

तेव्हाच सगळं कबूल करायला हवं होतं. मी म्हणालो, "कॉपी ना? आहे. कुठेतरी आहे."

त्या क्षणी मी ठरवलं की आकाशपाताळ एक करीन, पण कापलेल्या पट्ट्या शोधून काढीनच. मी कागद कधी फेकत नाही. तेव्हा पट्ट्या या जगात होत्या, एवढं नक्की.

मंगळवारी माळा उपसला. त्यात तीन छत्र्यांचे सांगाडे आणि एका इस्त्रीचं हँडल निघालं.

"काय शोधताय?" खालून आवाज आला.

"काही नाही."

"मग ते खाली शोधा. काही नाही ते खालीही मिळेल."

बुधवारी फोटोग्राफरकडे गेलो. तो वारला होता. गल्ल्यावर त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. निगेटिव्ह आहेत का विचारलं, तर म्हणाला, "मॉडेल कुठलं?"

गुरुवारी मला आठवलं की फाइलीत खूण घालायला मी अशाच पट्ट्या वापरायचो. तडक तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये उतरलो. रेकॉर्डकीपर डबा खात होता.

"काय हवंय?"

"सासरे."

"कुठल्या सालचे?"

मी साल सांगितलं. तो शांतपणे उठला आणि त्याने कपाट उघडून दिलं. (सरकारी माणूस. तिसरा प्रश्न विचारत नाही.) चारशे अकरा फाइली चाळल्या. लोकांच्या नळगळतीच्या तक्रारी मिळाल्या, त्यातल्या काहींवर अजून कार्यवाही व्हायची आहे. सासरे मिळाले नाहीत.

इकडे घरी माझे लाड वाढत चालले होते. हिला दोनदा भावाला फोन करून सांगताना ऐकलं, "अरे, यांनी जपून ठेवला होता! बोलले नाहीत कधी." ते ऐकून मला जेवण गेलं नाही. फोटो नसल्याचं नव्हे, तिला दुसऱ्यांदा बाबा कुठे गेले म्हणून विचारावं लागणार याचं मला वाईट वाटत होतं.

शनिवारी सकाळी मी हरलो. भिंतीवरची फ्रेम काढायची, आहे तेवढा फोटो वाचनालयात न्यायचा आणि बाईंसमोर, मास्तरांसमोर आणि त्याआधी बायकोसमोर कबुली द्यायची, असं ठरवून स्टुलावर चढलो. फ्रेम ओढली. खिळा आला, खिळ्याबरोबर वाटीएवढं प्लॅस्टर आलं, आणि फ्रेम खाली पडून काचेचा चुरा झाला.

ही धावत आली. मी स्टुलावरूनच एका दमात सांगून टाकलं, "दुसरी कॉपी कधीच नव्हती. मी खोटं बोललो. पट्ट्या सापडत नाहीत."

ती खाली बघत होती. फ्रेमची पाठ उघडली होती आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटून दोन लांब पट्ट्या बाहेर डोकावत होत्या.

मग मला आठवलं. मी फोटो इतका सुबक कापला होता की तो फ्रेममध्ये खुळखुळायला लागला. म्हणून मागे भर घालायला त्याच पट्ट्या कोंबल्या होत्या. (अगदी सरळ. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही.)

ती काचा बाजूला सारून खाली बसली आणि पट्टी हातात घेतली. दुकानाच्या दारात बाबा, कपाळावर सरकवलेलं भिंग, तोंडभर हसू. फोटो काढतायत म्हणून काम अर्धवट टाकून बाहेर आलेले.

"हातात चिमटा तसाच आहे बघा," ती म्हणाली. मग पट्टी फोटोला लावून पाहत म्हणाली, "एवढी वर्षं बाबा माझ्या पाठीशीच होते की हो."

मी स्टुलावरून उतरलो आणि केरसुणी आणली. मलाही रडू येत होतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं.

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. उलट म्हणाली, "तुम्ही दमलात. वाचनालयात मी जाऊन येते." (इथेच मला संशय यायला हवा होता.)

पंधरा दिवसांनी प्रदर्शन भरलं. मी ठेवणीतला शर्ट घालून गेलो. आमच्या फोटोपुढे सगळ्यात जास्त गर्दी. पट्टी इतकी छान जोडली होती की सांधा दिसत नव्हता. दुकान, दुकानाची पाटी, दारात बाबा, बाबांशेजारी ही. मी स्वतःला शोधत उजवीकडे सरकलो, तर तिथे फ्रेमच संपली. कडेला फक्त एक कोपर होतं.

मास्तर भिंग लावून बघत होते. "दुकानदार झाले, मुलगी झाली," ते वहीत लिहीत म्हणाले, "पण हे कोपर कुणाचं, कळत नाही."

ग्रंथपालबाई लगबगीने आल्या. "अहो, काळजी करू नका, मूळ फोटोला हात लावलेला नाही. सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या मिळाल्या, त्यात पूर्ण फोटो काही बसेना. म्हणून तुमच्या मिसेसना विचारलं. त्या म्हणाल्या, फ्रेम थोडीच कापता येते?"

मी वळून बायकोकडे पाहिलं. ती बाबांवरची नजर न काढता म्हणाली,

"तुमचं काय, तुम्ही रोज घरात दिसताच की."