शावेनचे अकरावे ड्यूक

"तू चिठ्ठीत सरळ 'ड्यूकसाहेबांचे वडील' असं लिही ना," ओदील म्हणाली. "फादरना कळलं म्हणजे झालं."

आन्सेल्म पेर्त्युइझे यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून एकवीस वर्षं ते फ्रान्सच्या बूर्बों राजवंशाच्या शावेन शाखेची वंशावळ लिहीत होते. "घराण्यात वडील-बिडील नसतात, ओदील. तिथे क्रमांक असतात."

क्रमांकांचा त्यांना ताजाच माज चढला होता. नाताळाआधी चर्चच्या एका जुन्या वहीत त्यांना १८३२ सालचं एक तान्हं बाळ सापडलं होतं. बाप गेल्यावर ते जेमतेम अकरा दिवस जगलं, पण तेवढे दिवस ते ड्यूक होतं! म्हणजे पुढचे सगळे एकेक पायरी खाली सरकले. सप्टेंबरात वारलेले म्हातारे ड्यूक नववे नसून दहावे, आणि त्यांचे चिरंजीव, आजचे ड्यूक, अकरावे. ही बातमी आन्सेल्मनी बेकरीपासून दवाखान्यापर्यंत एकेकाला गाठून सांगितली. लोक रस्ता बदलायला लागले, पण क्रमांक सगळ्यांना पाठ झाला.

दरवर्षी एकवीस जानेवारीला, राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेल्या राजासाठी चर्चमध्ये प्रार्थना व्हायची, तेव्हा वर्षभरात गेलेल्यांची नावंही वाचली जायची. फादरना द्यायच्या चिठ्ठीत आन्सेल्मनी 'नववे'चं 'दहावे' केलं. दुसऱ्या दिवशी ती स्वच्छ उतरवून काढताना त्यांना आठवलं की सगळ्यांना एक पायरी खाली न्यायचंय. आदल्या दिवशीची दुरुस्ती विसरून त्यांनी 'अकरावे' लिहिलं आणि समाधानाने पाकीट चिकटवलं. प्रार्थनेच्याच दिवशी जेवणानंतर ड्यूक वंशावळीवर सही करणार होते. एकवीस वर्षांचं चीज होणार होतं.

"या वर्षी देवाघरी गेलेले," फादर खणखणीत आवाजात म्हणाले, "शावेनचे अकरावे ड्यूक, यांच्या आत्म्याला शांती लाभो."

साठ माना पहिल्या बाकाकडे वळल्या. तिथे अकरावे ड्यूक नाक शिंकरत होते. एरवी ते गुरांचे डॉक्टर होते आणि पहाटेच एका अडलेल्या गाईची सुटका करून आले होते. ते थबकले, मग सवयीने "आमेन" म्हणाले.

आन्सेल्मना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ड्यूकना दोन्ही मुलीच. गादी जाणार ती चुलतभावाकडे, काउंट एमारकडे. चर्चच्या दाराशी नव्वदीच्या मादाम द ला सोनेंनी त्यांच्यापुढे गुडघे लववले. "फार वाईट झालं, महाराज!"

"देवाची इच्छा," एमार म्हणाले. त्यांनी हातही पुढे केला.

"अहो, मी इथेच उभा आहे," ड्यूक म्हणाले.

"तुम्ही धीर धरा हो," मादामनी त्यांचा खांदा थोपटला.

जेवायला एमार थेट मुख्य खुर्चीत जाऊन बसले. पुढे जानेवारीतला राजांचा केक कापला; त्यात दडवलेला चिनी मातीचा मणी ज्याला मिळेल तो त्या दिवसाचा राजा, आणि मणी नेमका त्यांच्याच तुकड्यात! रिवाजाप्रमाणे त्यांनी कागदी मुकुट चढवला आणि तो घरंगळत नाकावर आला. कुणी हसलं नाही. सगळे आन्सेल्मकडे बघत होते.

"मी सांगितलं होतं, 'वडील' लिही," ओदील पुटपुटली.

शेवटी ते वंशावळीची गुंडाळी काखेत मारून ड्यूकपुढे उभे राहिले. डोळे भरून आले होते. "महाराज, मी तुम्हाला मारलं. मला फार लाज वाटते. सही नको, फक्त माफ करा."

"अहो पेर्त्युइझे, माझ्या हातून खऱ्या गाई दगावल्यात. तुम्ही तर मला नुसतं कागदावर मारलंत," ड्यूक म्हणाले. "आणा तो कागद."

आपण दहावे होणार असंच लहानपणापासून ऐकत आलेल्या त्या माणसाने पेन उचललं आणि झोकात सही ठोकली: 'लुई-गास्तों, शावेनचा दहावा ड्यूक'.

म्हणजे नव्या हिशेबाने, चार महिन्यांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्याची सही!

आन्सेल्मनी तोंड उघडलं. मागोमाग आलेल्या ओदीलने त्यांच्या पायावर पाय दिला.

"बरोबर आहे ना?" ड्यूकनी विचारलं.

"अगदी बरोबर, महाराज," आयुष्यात पहिल्यांदाच चूक न सुधारता आन्सेल्म म्हणाले, आणि शाई वाळावी म्हणून खाली मान घालून फुंकर घालत राहिले.